रिपोर्टमध्ये ‘सेन्सिटिव्ह’, औषधही तेच, मग उन्हाळी परत का लागते?

ताई, नमस्कार. मी मिरज तालुक्यातल्या एका गावात राहते. वय ६१, प्राथमिक शाळेतून निवृत्त. गेल्या नऊ महिन्यांत चार वेळा उन्हाळी लागली. लघवीला जळजळ, सारखं जावंसं वाटणं, ओटीपोटात दुखणं. पहिल्या दोन वेळा कल्चर केलं. दोन्ही वेळा ई. कोलाय निघाला आणि सात-आठ औषधांपुढे ‘एस’, म्हणजे सेन्सिटिव्ह, असं होतं. त्यातलंच औषध डॉक्टरांनी दिलं, मी वेळेवर घेतलं, तिसऱ्या दिवशी बरं वाटलं. तीन-चार आठवड्यांत पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी दाढेच्या दुखण्यातल्या उरलेल्या चार गोळ्या घेतल्या, चौथ्या वेळी शेजारच्या वहिनींनी त्यांच्याकडची सिप्रोची अर्धी पट्टी दिली. घरात सगळे म्हणतात, तूच पथ्य पाळत नाहीस. पुतण्या एमएस्सी करतोय. तो म्हणतो, “काकू, हे जंतू स्वतःचंच विष वापरून झोपतात, म्हणून औषधाने मरत नाहीत.” हे खरं आहे का? विष घेऊन कुणी जगतं का? मग मी दर महिन्याला गोळ्या घेतच राहायच्या का? दिवाळीनंतर मुलीच्या बाळंतपणासाठी तीन महिने नाशिकला जायचं आहे. बरोबर औषध ठेवू का?
— एक वाचक, मिरज तालुका

बाई, नमस्कार. (शाळेत शिकवलेल्या माणसाला मला दुसरं काही म्हणताच येत नाही.)

घरच्यांचं बोलणं तुम्ही मनाला लावून घेतलंय, हे पत्रात जाणवतं. म्हणून ते आधी बाजूला ठेवू. पहिल्या दोन वेळा तुम्ही जे केलंत त्यात काहीही चुकलेलं नाही. तपासणी केली, नेमकं औषध घेतलं, वेळेवर घेतलं. एवढं करूनही उन्हाळी परत लागते, आणि ती हजारो बायकांना लागते. पथ्याचा दोष बाईवर टाकणं सोपं असतं, म्हणून तो टाकला जातो. तिसऱ्या आणि चौथ्या वेळेबद्दल मात्र मला तुमच्याशी बोलायचंय. ते पुढे येईलच.

मी सव्वीस वर्षं एका हॉस्पिटलच्या मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये कल्चर लावली. तुमच्या हातात आलेला तो ‘एस’ कसा तयार होतो ते सांगते, कारण सगळा घोटाळा त्या एका अक्षराच्या अर्थापाशी आहे.

तुमची लघवी आमच्याकडे आली की तिचा एक थेंब मॅकॉन्की अगार नावाच्या खाद्यावर रेघा ओढून पसरवतो. सकाळी त्यावर टिकलीसारख्या गडद गुलाबी वसाहती दिसतात. ई. कोलायची ही ओळख डोळ्यांत इतकी बसते की पुढचं नाव लिहायच्या आधीच हात पेनाकडे जातो. त्यातल्या दोन-चार वसाहती सलाइनमध्ये कालवायच्या आणि कापसाच्या बोळ्याने दुसऱ्या एका प्लेटवर सारवायच्या. अंगण सारवताना कुठे कोरडं राहू देत नाही ना, तसं तिन्ही दिशांनी. मग त्यावर कागदाच्या छोट्या चकत्या ठेवायच्या, प्रत्येक चकतीत एकेक औषध भिजवलेलं. रात्रभर ऊब दिली की सकाळी सगळ्या प्लेटवर जंतूंची साय आलेली असते, आणि जिथे औषध लागू पडलं तिथे चकतीभोवती स्वच्छ गोल वर्तुळ. पट्टी धरून ते वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजायचं. तक्त्यातल्या आकड्याइतकं किंवा त्याहून मोठं भरलं की लिहायचं ‘एस’.

आता बघा, या वर्तुळाने काय सिद्ध झालं? या औषधापुढे हा जंतू वाढू शकत नाही, एवढंच. वर्तुळाच्या आतला शेवटचा जंतूसुद्धा मेला का, हे त्यातून कळत नाही. जो वाढत नाही, तो डोळ्यांना दिसत नाही. मेलेला आणि निजलेला, दोघेही त्या स्वच्छ जागेत सारखेच अदृश्य.

जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या नताली बालाबान यांच्या गटाने २०१७ मध्ये याच चाचणीला एक फार सुंदर जोड दिली. औषधाची चकती काम करून झाली, वर्तुळ पडलं, की ती उचलून तिच्या जागी साखरेची, ग्लुकोजची, चकती ठेवायची आणि प्लेट पुन्हा उबेला ठेवायची. काही जंतूंच्या बाबतीत वर्तुळ स्वच्छच राहिलं. काहींच्या बाबतीत मात्र त्या रिकाम्या वाटणाऱ्या जागेत ठिपके उगवले. औषधाच्या ऐन माऱ्यात ते तिथेच होते आणि जिवंत होते. वर्षानुवर्षं ज्या वर्तुळांना मी ‘साफ’ म्हणत आले, त्यांच्याकडे त्यानंतर मी पूर्वीच्या नजरेने पाहू शकले नाही.

हे निजलेले जंतू पहिल्यांदा नोंदवले गेले ते १९४४ साली. पेनिसिलिन तेव्हा नुकतंच हाती आलेलं. जोसेफ बिगर नावाच्या आयरिश डॉक्टरांनी पू करणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जंतूंवर ते वापरून पाहिलं. जवळजवळ सगळे मेले, पण साधारण दहा लाखांत एखादा उरला. उरलेल्यांना वाढवून त्यांच्या प्रजेवर पुन्हा पेनिसिलिन सोडलं, तर ती प्रजाही पहिल्यासारखीच मेली आणि पुन्हा थोडे उरले. म्हणजे उरलेल्यांना काही कायमचं कवच मिळालं नव्हतं. ते तेवढ्या वेळापुरते तगले होते. बिगर यांनी त्यांना ‘पर्सिस्टर’ म्हटलं.

रेझिस्टन्स म्हणतात ती गोष्ट वेगळी. त्यात जंतूच्या जनुकांतच बदल होतो, औषधात तो ऐटीत वाढतो आणि रिपोर्टवर ‘आर’ येतो. पर्सिस्टर औषधात वाढत नाही, नुसता पडून राहतो. तुमच्या भागात लव्हाळा सगळ्यांनी पाहिलेला असतो. तणनाशक मारलं की वरची पात जळते, रान स्वच्छ दिसतं. खाली मातीत गाठ असते. पाऊस पडला की तीच गाठ पुन्हा फुटते, आणि नवी पात त्याच औषधाने पुन्हा जळते. औषध वाया गेलेलं नसतं. ते गाठीपर्यंत पोचलेलं नसतं.

आता पुतण्याचं विष. त्याने तुम्हाला खरंच सांगितलं, आणि तुमचा प्रश्नही अगदी शास्त्रज्ञाचा आहे. विष घेऊन कुणी जगतं का?

बहुतेक जंतूंच्या जनुकांत काही जोड्या असतात. एक विष आणि एक त्या विषावरचा उतारा. दोन्ही शेजारी-शेजारी, एकाच वेळी तयार होतात. उतारा विषाला मिठी मारून बसतो आणि जंतूचं सगळं सुरळीत चालतं. पण दोघांच्या टिकाऊपणात फरक असतो. विष लोणच्यासारखं, बरणीत टिकतं. उतारा दुधासारखा, ताजा लागतो, कारण पेशीतली एन्झाइम्स त्याला सतत कुरतडत असतात. जंतू खाऊन-पिऊन सुखी आहे तोवर ताजा उतारा मिळत राहतो. उपासमार झाली, ताप आला, औषधाचा मार बसला, की उतारा आधी संपतो आणि विष मोकळं सुटतं.

अशी जोडी पहिल्यांदा सापडली ती १९८३ मध्ये, जपानमधल्या ओगुरा आणि हिरागा यांना, आणि तीही वेगळ्याच कामात. प्लास्मिड नावाचा एक सुटा जनुकगोल जंतूंच्या पिढ्यांतून हरवत कसा नाही, हे ते शोधत होते. प्लास्मिडवरच ती जोडी असते. ज्या लेकीच्या वाट्याला प्लास्मिड आलं नाही, तिच्यात आईकडून आलेलं विष उरतं, उतारा मात्र नवा तयार होत नाही. ती मरते. म्हणजे मुळात हे विष प्लास्मिडचं स्वतःला टिकवण्याचं साधन. पुढे लक्षात आलं की अशा जोड्या जंतूच्या मूळ गुणसूत्रावरही असतात. क्षयाच्या जंतूत तर त्या ऐंशीच्या घरात आहेत.

त्याच १९८३ साली अमेरिकेत हॅरिस मोयेड यांना ई. कोलायचा एक विलक्षण वाण मिळाला. साध्या ई. कोलायमध्ये लाखभरात एखादा पर्सिस्टर निघतो. या वाणात जवळपास शंभरात एक! बदल झाला होता तो हिपए नावाच्या जनुकात, म्हणजे अशाच एका जोडीतल्या विषात. हिपए नेमकं करतं काय, हे कळायला मात्र तीस वर्षं गेली. कुठलंही प्रथिन बांधायला अमिनो आम्लं लागतात, आणि ती वाहून आणणारे टीआरएनए नावाचे हमाल असतात. ग्लुटामेट या अमिनो आम्लाचं ओझं हमालाच्या पाठीवर चढवणारं एक एन्झाइम असतं. हिपए त्या एन्झाइमला फॉस्फेटचा एक कण चिकटवतं आणि त्याला थंड करतं. हमाल रिकाम्या पाठीने उभे राहतात. बांधकाम थांबतं, धोक्याची सूचना फिरते, जंतू वाढायचा थांबतो.

आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. बरीचशी अँटिबायोटिक्स चालतं काम बिघडवून मारतात. पेनिसिलिनच्या कुळातली औषधं भिंत बांधली जात असताना घाव घालतात. सिप्रोच्या कुळातली औषधं डीएनएची गुंडाळी सोडवणाऱ्या एन्झाइमला ऐन कामात पकडून डीएनएचे तुकडे पाडतात. कामच बंद असेल तर बिघडवायचं काय? विष जास्त झालं तर जंतू मरतो, हेही खरं. बेताचं असलं तर तो निजतो, आणि औषधाचा मारा ओसरला, उतारा पुन्हा तयार झाला, की उठून बसतो.

सगळेच जंतू का निजत नाहीत, असं तुमच्या मनात आलं असेल. निजलेल्याची प्रजा वाढत नाही. सगळेच निजले तर शेजारचा दुसरा जंतू सगळी जागा बळकावेल. म्हणून प्रत्येकात विष-उताऱ्याचं प्रमाण थोडं इकडे-तिकडे असतं आणि निव्वळ योगायोगाने एखाद्यात विषाचं पारडं जड होतं. बालाबान यांनीच २००४ मध्ये सूक्ष्म खाचांमध्ये एकेक जंतू ठेवून त्यांचं चित्रण केलं. मोयेड यांच्या त्या वाणात, औषध घालायच्या आधीपासूनच वाढ थांबलेले काही जंतू होते, आणि औषध निघून गेल्यावर तेच उठले. तो चित्रपट मी विद्यार्थ्यांना दाखवायचे. रांगेतले लांबच लांब वाढणारे जंतू औषध येताच फुटून विरून जातात आणि मधेच एक बारकासा तसाच पडून असतो. वर्गात त्या क्षणी कुणी बोलत नसे.

वहिनींच्या अर्ध्या पट्टीकडे आता येते. ई. कोलायमध्ये टिसबी नावाचं एक दुसरं विष आहे. ते जंतूच्या आतल्या पडद्याला भोकं पाडून त्याची ऊर्जा उतरवतं. हे विष एरवी तयार होतच नाही. डीएनए तुटलं की जंतू दुरुस्तीची हाकाटी पिटतो आणि त्या हाकाटीत टिसबीही जागं होतं. डीएनए तोडतं कोण? सिप्रो. बोस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या किम लुइस यांच्या गटाने २०१० मध्ये हे दाखवलं. म्हणजे मारायला आलेलं औषधच काही जंतूंना निजायचा इशारा देतं. पुरेशा मात्रेत, पुरेसे दिवस दिलं, आणि शरीराच्या स्वतःच्या शिपाईपेशींनी उरलेले टिपले, तर याने बिघडत नाही. बहुतेक बायका एका कोर्समध्ये बऱ्या होतात त्या अशाच. पण चार गोळ्या आज, अर्धी पट्टी पुढच्या महिन्यात, हा प्रकार घातक आहे. बालाबान यांच्याच गटाने २०१७ मध्ये प्रयोगशाळेत ई. कोलायला वरचेवर थोडा थोडा वेळ अँटिबायोटिक देऊन पाहिलं. आधी जंतू तग धरायला शिकले, आणि खरा रेझिस्टन्स त्यांच्यातून मागाहून आला. आज तुमच्या रिपोर्टवर ‘एस’ची रांग आहे. बाई, ही फार मोलाची गोष्ट आहे. माझ्या टेबलावरून असे कितीतरी रिपोर्ट गेले ज्यांत वरपासून खालपर्यंत ‘आर’ होतं आणि सलाइनमधून द्यायचं एखादंच औषध शिल्लक होतं. ती रांग जपा. गोळ्यांच्या पट्टीवर उभी लाल रेघ असते, ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये याची खूण आहे. वहिनींनाही ती दाखवा. त्यांनी मायेनेच दिली, हे मला कळतं.

आता पुतण्याने ज्या भरवशाने सांगितलं तेवढा भरवसा मी का धरत नाही, ते सांगते. या विषांच्या अभ्यासाला एक मोठा धक्का बसलेला आहे. एका नामांकित गटाने २०११ मध्ये लिहिलं की ई. कोलायच्या दहा विष-जोड्या काढून टाकल्या की पर्सिस्टर फार कमी होतात. सगळ्या जगाने ते उचललं, आम्हीही शिकवलं. पुढे लक्षात आलं की त्या प्रयोगातल्या जंतूंमध्ये एक विषाणू, बॅक्टेरियोफाज, नकळत शिरला होता आणि निकाल त्याने बिघडवले होते. त्या मंडळींनी स्वतःच तपास केला, छापून सांगितलं आणि २०१८ मध्ये ते लेख मागे घेतले. मला त्यांच्याबद्दल आदरच वाटतो. पण त्यामुळे आज असं म्हणता येत नाही की प्रत्येक निजलेला जंतू विषानेच निजतो. ऊर्जा संपली म्हणूनही जंतू निजतात. विष हे निजण्याचं एक खात्रीचं कारण आहे, एकमेव नाही.

रुग्णांच्या शरीरात मात्र याच्या खुणा सापडल्या आहेत. मोयेड यांच्या वाणातला तोच हिपए बदल २०१५ मध्ये लघवीच्या संसर्गाच्या रुग्णांकडून घेतलेल्या ई. कोलायमध्ये सापडला. अमेरिकेत युटा विद्यापीठात मूत्रमार्गाच्या ई. कोलायचा अभ्यास झाला, तेव्हा पासटी नावाचं विष त्याला अँटिबायोटिकमध्ये तग धरायला आणि उंदरांच्या मूत्रपिंडात टिकायला मदत करतं असं दिसलं. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात सोफी हेलेन यांनी साल्मोनेलात टॅकटी हे विष शोधलं. तेही त्या हमालांनाच गाठतं, फक्त ओझं चढल्यानंतर. आणि त्या जंतूकडेच पीटीएच नावाचं एन्झाइम असतं जे ती घाण साफ करतं आणि त्याला जागं करतं. विषही स्वतःचं, जागं करणारंही स्वतःचं! शिवाय ई. कोलाय मूत्राशयाच्या अस्तराच्या पेशींत शिरून तिथे गुपचूप पडून राहतो, हे सेंट लुइसच्या स्कॉट हल्टग्रेन यांच्या प्रयोगशाळेने उंदरांत दाखवलं आहे. तिथे औषधही नीट पोचत नाही.

तरी तुमच्या बाबतीत हेच घडतंय असं मी म्हणणार नाही. दोन आठवड्यांच्या आत तोच जंतू परत दिसला तर दुखणं उलटलं असं डॉक्टर धरतात. तुम्हाला तीन-चार आठवडे लागतात. अशा वेळी बहुतेकदा जंतू नव्याने शिरलेला असतो, आपल्याच आतड्यातून. आणि तुमच्या वयात त्याला वाट मोकळी होण्याचं एक कारण आहे ज्याबद्दल आपल्याकडे कुणी बोलत नाही. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं. त्यामुळे योनीमार्गातले लॅक्टोबॅसिलस, म्हणजे आपल्या बाजूचे जंतू, घटतात. तिथला आंबटपणा जातो आणि ई. कोलायला ठाण मांडता येतं. १९९३ साली पाळी गेलेल्या बायकांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. योनीमार्गात इस्ट्रोजेनचं क्रीम लावणाऱ्यांना वर्षाला सरासरी ०.५ वेळा उन्हाळी लागली, नुसतं साधं क्रीम लावणाऱ्यांना ५.९ वेळा. इतका मोठा फरक मी तरी कुठल्या अँटिबायोटिकच्या अभ्यासात पाहिलेला नाही. लाजून हा विषय टाळू नका. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा आणि सरळ विचारा, “मला हे क्रीम चालेल का?” स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल, किंवा पाळी गेल्यावर कधी रक्तस्राव झाला असेल, तर ते आधी सांगा. तपासताना अंग बाहेर येतंय का हेही त्या पाहतील, कारण त्यानेही लघवी पूर्ण होत नाही.

सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा झालं की त्याला वारंवार होणारा संसर्ग म्हणतात. तुम्ही त्यात बसता. म्हणून एकदा पोटाची सोनोग्राफी करून घ्या. लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती उरते तेही त्यात बघायला सांगा. मुतखडा असेल तर त्याच्या फटींत जंतू दडून बसतात आणि तिथे कुठलंही औषध कमीच पडतं. साखर तपासा, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी.

पुढच्या वेळी जळजळ सुरू झाली तर पहिली गोळी घेण्याआधी कल्चरचा नमुना द्या. हे फार महत्त्वाचं आहे. गोळी घेऊन मग पाठवलेल्या लघवीत आम्हाला काही उगवत नाही आणि रिपोर्ट ‘नो ग्रोथ’ जातो. मग सगळे म्हणतात, तुम्हाला काही झालेलंच नाही. जागा पाण्याने धुवा, सुरुवातीची धार सोडून द्या, मधली लॅबच्या निर्जंतुक डबीत घ्या. झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लागू देऊ नका. दोन तासांत लॅबमध्ये पोचवा. एसटीने मिरजेला यायला वेळ लागणार असेल तर डबी फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीजरमध्ये नको, आणि आणताना बर्फाच्या पिशवीतून आणा. तासन् तास उन्हात राहिलेल्या डबीत चार जंतूंचे चार लाख होतात आणि आम्ही फसतो. रिपोर्ट जपून ठेवा, तारीखवार. दोन रिपोर्ट शेजारी ठेवले तर जंतू तोच आहे की नवा, याचा अंदाज डॉक्टरांना त्यातल्या ‘एस’ आणि ‘आर’च्या ठेवणीवरून थोडाफार येतो.

डॉक्टरांनी जितके दिवस सांगितले तितके दिवस औषध घ्या. त्याहून कमी नको आणि स्वतःच्या मनाने जास्तही नको. निजलेला जंतू दोन दिवस जास्त गोळ्या खाल्ल्याने मरत नाही. तो मुळात निजलेलाच आहे. साध्या उन्हाळीला नायट्रोफ्युरँटॉइन पाच दिवस किंवा फॉस्फोमायसिनचा एकच डोस पुरतो. औषध कुठलं, ते तुमच्या मूत्रपिंडाचं काम बघून डॉक्टर ठरवतील. आणि बरं वाटल्यावर ‘सहज एकदा’ म्हणून लघवी तपासायला जाऊ नका. तुमच्या वयात काही त्रास नसतानाही लघवीत जंतू आणि पस सेल्स सापडू शकतात. त्रास नसेल तर त्यांना औषध देत नाहीत, देऊही नये. गर्भारपणात मात्र उलट आहे. तिथे त्रास नसला तरी जंतू सापडले तर औषध द्यावंच लागतं. मुलीची तशी तपासणी झाली आहे ना, एवढं तिला विचारा.

पाणी. २०१८ मध्ये एक नीट आखलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. कमी पाणी पिणाऱ्या बायकांपैकी ज्यांना रोज दीड लिटर जास्त प्यायला दिलं, त्यांना वर्षभरात सरासरी १.७ वेळा उन्हाळी लागली, नेहमीइतकंच पिणाऱ्यांना ३.२ वेळा. त्या बायका तुमच्याहून लहान होत्या, पाळी चालू असलेल्या, पण हृदय-मूत्रपिंडाचा त्रास नसेल तर करून बघण्यासारखं आहे. तुम्ही शिकवायच्या त्या काळात शाळेत बायकांना धड संडास नसायचे, म्हणून दिवसभर पाणी न पिण्याची सवय लागलेल्या कितीतरी शिक्षिका मी पाहिल्या. ती सवय निवृत्तीनंतरही जात नाही. तुमची असेल तर ती मोडा.

दर महिन्याला गोळ्या घ्यायच्या का, या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर: नाही, स्वतःहून तर नाहीच. क्रीम लावूनही वरचेवर होत राहिलं, तर डॉक्टरांना मेथेनॅमाइनबद्दल विचारा. ते अँटिबायोटिक नाही. आंबट लघवीत त्याचं फॉर्माल्डिहाइड होतं आणि ते जंतू चालता आहे की निजलेला हे बघत नाही. ब्रिटनमध्ये २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वारंवार संसर्ग होणाऱ्या बायकांत ते रोजच्या अँटिबायोटिकच्या तोडीचं ठरलं.

निजलेल्याला उठवून मारायचे प्रयत्नही चालू आहेत. बोस्टनमध्ये २०११ साली जेम्स कॉलिन्स यांच्या गटाने जंतूंना मॅनिटॉल नावाची साखर आणि सोबत जेन्टामायसिन दिलं. साखरेने जंतूत थोडी ऊर्जा आली, त्या ऊर्जेवरच औषध आत ओढलं गेलं आणि उंदरांच्या मूत्रमार्गातले चिवट जंतू मेले. हे वाचून कुणी साखर खायला लागू नका. पोटात गेलेल्या साखरेने यातलं काही होत नाही. पण पुतण्याला हा प्रयोग सांगा, त्याला आवडेल.

नाशिकला जाताना सुट्या गोळ्या नेऊ नका. रिपोर्टची फाइल न्या, लॅबच्या दोन कोऱ्या डब्या न्या, आणि तुमच्या डॉक्टरांकडून एका कागदावर लिहून घ्या की त्रास झाला तर आधी नमुना, मग अमुक औषध, इतके दिवस. तो कागद जावयांनाही दाखवून ठेवा. थंडी वाजून ताप आला, पाठीत बरगडीखाली दुखलं, उलट्या झाल्या, तर मात्र कागदाची वाट बघू नका. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा, घरात बाळंतीण असली तरी. बाळाचं करायला त्या दिवसापुरतं दुसरं कुणी मिळेल. आणि बाळाच्या धांदलीत लघवी दाबून ठेवू नका. रात्री त्याच्यासाठी उठाल तेव्हा आधी स्वतः जाऊन या, येताना तांब्यातलं दोन घोट पाणी घ्या, मग त्याला मांडीवर घ्या.